माझी घाई आणि अण्णांचे इंजिन

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आज असे एखादे वडीलधारे माणूस असेल, ज्याच्या सदऱ्याची बटणे दुसरे कोणीतरी लावून देते. कदाचित ते माणूस आपण स्वतःच असाल. कदाचित बटणे लावणारे हात आपले असतील. या दोघांसाठीही मी हे लिहीत आहे.

गेली २८ वर्षे मी दवाखाना चालवतो. "त्यांचे त्यांना करू द्या, वेळ लागला तरी चालेल," हे वाक्य मी रुग्णांच्या नातेवाइकांना किती वेळा सांगितले असेल, याची गणती नाही. तेच वाक्य स्वतःच्या घरात पाळायची वेळ आली, तेव्हा मात्र मी चुकलो. ती चूक घडली एका छोट्याशा, टेबलावर मावणाऱ्या आगगाडीच्या इंजिनावर. म्हणून आधी त्या इंजिनाची हकीकत सांगतो. त्यातूनच मला काय म्हणायचे आहे ते आपल्या ध्यानात येईल.

माझे वडील, ज्यांना आम्ही घरात अण्णा म्हणतो, १९६३ साली रेल्वेत खलाशी म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षे नेरळच्या शेडमध्ये, माथेरानच्या छोट्या गाडीच्या वाफेच्या इंजिनांची देखभाल करण्यात गेली. माझे बालपण त्या शेडच्या आसपासचे. रात्री घरी येणाऱ्या अण्णांच्या कपड्यांना येणारा कोळशाचा आणि तेलाचा वास मला आजही आठवतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये एके सकाळी, वयाच्या ८० व्या वर्षी, त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. तोंड एका बाजूला किंचित ओढले गेले, शब्द जड झाले. आईने मला हाक मारली, आणि दोन तासांच्या आत आम्ही त्यांना रुग्णालयात पोहोचवले. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ती वेळ आम्हाला साधली. चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक दिसले तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये, ही गोष्ट या निमित्ताने पुन्हा एकदा सांगून ठेवतो.

अण्णा वाचले. पाय बराचसा सुधारला, बोलणेही सुधारले. परंतु उजव्या हाताची बोटे मंद आणि अनाज्ञाधारक राहिली. फिजिओथेरपिस्ट बाई दिलेल्या वेळी येत, व्यायाम करवून घेत. त्या गेल्या, की अण्णा उजवा हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर पाहत बसत. रबरी चेंडू दाबायला सांगितला, की म्हणत, "हे दाबून काय निघणार आहे?" आई त्यांना भरवू लागली होती, बटणे लावू लागली होती, पेपरची पानेसुद्धा उलटून देऊ लागली होती. पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य ग्रासते, हे मला पाठ होते. ते माझ्याच घरातल्या खिडकीत बसलेले आहे, हे उमगायला मला तीन महिने लागले. औषध सुरू केले, त्याचा थोडा गुणही आला. पण औषधाने झोप सुधारली तरी उठावे कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर गोळीत नव्हते.

इंजिन घरी आले

त्याच वर्षी दिवाळीनंतर पुण्यातील एका छांदिष्ट गृहस्थांकडून मी एक जुने नमुना-इंजिन विकत घेतले. बॅटरीवर चालणारे, तीन धुऱ्यांचे, विलायती घाटाचे वाफेचे इंजिन. त्याचे प्रमाण १९ ला १, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या एकोणिसाव्या हिश्शाचे, आणि त्याचे रूळ ३२ मिलिमीटर अंतराचे. माथेरानच्या रुळांतील अंतर दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. त्याला १९ ने भागले की ३२ च येतात. हा हिशेब मी अण्णांपुढे मांडला आणि इंजिन टेबलावर ठेवले. मला वाटले होते, ते हरखून जातील.

अण्णांनी चष्मा लावून ते सगळ्या बाजूंनी पाहिले. मग म्हणाले, "हे आपलं नव्हे."

"आपलं नाही, पण त्याच्यासारखंच आहे ना?"

"चाकं बाहेर आहेत. आपल्या इंजिनाची चाकं चौकटीच्या आत होती. बाहेरून दिसायचे ते क्रँक आणि जोडदांडे. टाक्या वेगळ्या. धुराडं तर नुसतं शोभेचं लावलंय."

तीन महिन्यांत प्रथमच त्यांनी सलग इतकी वाक्ये उच्चारली होती. मी सहज म्हणून गेलो, "मग करू या का आपल्यासारखं?" त्यांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी आईकडे माळ्यावरची हत्यारांची पेटी मागितली.

माथेरानच्या या इंजिनांचा थोडा परिचय करून द्यायला हवा. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून हा मार्ग उभा राहिला. काम १९०४ साली सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. खर्च आला १६ लाख रुपये. नेरळपासून माथेरानपर्यंतचे अंतर जेमतेम २१ किलोमीटर. परंतु तेवढ्यात दोनशेहून अधिक वळणे, आणि काही ठिकाणी चढ असा की वीस फूट पुढे जाताना एक फूट वर चढावे लागते. असा चढ चढायला ताकद हवी, म्हणजे सगळी चाके एकमेकांना जोडलेली हवीत. आणि जोडलेली चाके ताठ असतात. ती तीव्र वळणावर अडकतात. या पेचातून जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल या कंपनीच्या इंजिनांनी वाट काढली. ७३८ ते ७४१ असे क्रमांक असलेली ती चार इंजिने. त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या धुऱ्यांना क्लिन-लिंडनर नावाची रचना होती. चाके एका पोकळ धुऱ्यावर बसवलेली. त्या पोकळीतून दुसरा भरीव धुरा जाई आणि मधोमध असलेल्या गोल सांध्यातून त्याला फिरवी. त्यामुळे ताकद पोहोचे, आणि चाकांना वळणावर किंचित कलायला मोकळीकही मिळे.

अण्णा हे समजावून सांगताना उजव्या हाताची मूठ डाव्या हाताच्या पंजात फिरवून दाखवू लागले. ती मूठ पुरती मिटत नव्हती. पण रबरी चेंडूसाठी जी बोटे हलायला तयार नव्हती, ती गोल सांधा दाखवण्यासाठी आपणहून हलली. फिजिओथेरपिस्ट बाई त्या वेळी दारातच उभ्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, चेंडू राहू दे. आता हेच करू या."

काय काय बदलायचे होते

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ७३८ क्रमांकाचे इंजिन जपून ठेवलेले आहे. माझी मुलगी तेव्हा दिल्लीत शिकत होती. तिने इंजिनाशेजारी फूटपट्टी धरून चहूबाजूंनी छायाचित्रे काढून पाठवली. अण्णांनी त्यांतली निम्मी नापास केली. "फोटो खालून काढलाय, म्हणून धुराडं उंच दिसतंय. समोरून, छातीच्या उंचीवरून काढ म्हणावं." नातीला पुन्हा जावे लागले. आजोबा-नातीचे फोनवरचे बोलणे "जेवलास का, जेवलीस का" यापलीकडे प्रथमच गेले.

मग कामांची यादी झाली. चाके मूळच्या जागीच ठेवून त्यांच्या बाहेरच्या अंगाला पितळी पत्र्याची नवी चौकट उभी करायची. त्यासाठी प्रत्येक धुऱ्याची दोन्ही टोके नळी बसवून लांबवायची, ती चौकटीतून बाहेर काढायची आणि टोकांवर क्रँक बसवायचे. तीन धुरे, सहा क्रँक. क्रँकना जोडणारे दांडे नव्याने कापायचे. टाक्या, चालकाची खोली आणि धुराडे नवीन. क्लिन-लिंडनरची रचना इतक्या लहान आकारात करणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून इंजिन वळणावर फिरावे यासाठी मधल्या चाकांची आतली उंच कडा कानशीने उतरवायची, असा तोडगा अण्णांनी काढला.

पहिले दोन महिने उजवा हात केवळ शिकंज्याचे काम करी. पत्रा उजव्या तळव्याखाली दाबून धरायचा आणि डाव्या हाताने कानस चालवायची. नंतर बाईंनी सुचवले, की दहा मिनिटे हात उलटे लावा. कानस उजव्या हातात. कानशीचा दांडा बारीक असल्याने तो मुठीत ठरत नसे. आईने त्यावर जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळून तो चांगला जाड केला. पहिल्या दिवशी कानस चार वेळा खाली पडली. मी उचलायला वाकलो, तर बाईंनी मला डोळ्यांनी दटावले.

पक्षाघाताच्या उपचारांत एक महत्त्वाची गोष्ट असते. दुबळा हात वापरला, की सुरुवातीला अपयशच येते. म्हणून माणूस सगळे काम चांगल्या हाताने उरकू लागतो. घरची माणसे तर तेही करू देत नाहीत. हळूहळू मेंदू त्या हाताला हिशेबातूनच वगळतो. हातात शक्ती थोडीफार परत आलेली असते, पण न वापरण्याची सवय त्याहून बलवत्तर झालेली असते. यावर उपाय एकच: त्या हाताकडून, अर्थ असलेले काम, पुन्हा पुन्हा करवून घेणे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरे. परंतु त्यानंतर दार बंद होते असे मुळीच नाही.

हे सगळे मला ठाऊक होते. तरीही पुढचे घडले.

ती रात्र

मे २०२३. चौकट उभी राहिली होती, धुरे लांबवून झाले होते. आता क्रँक बसवायचे होते. अण्णा तीन आठवडे त्याच कामावर अडले होते. एक क्रँक हातात घेत, टोकावर लावून पाहत, उतरवत, कापडाने पुसत, पुन्हा ठेवून देत. त्यातच उकाडा. दहा-पंधरा मिनिटांत ते थकत आणि आडवे होत. जून महिन्यात त्यांचा वाढदिवस होता. त्या दिवशी इंजिन धावावे आणि मुलगीही सुट्टीवर आलेली असताना सगळ्यांनी ते पाहावे, असे मी मनाशी ठरवले होते. अण्णांना हे ठाऊकही नव्हते. ती माझी एकट्याची घाई होती.

एका रात्री सगळे झोपल्यावर मी टेबलाशी बसलो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची बाटली आणली आणि दीड तासात सहाही क्रँक बसवून टाकले. जोडदांडेही लावले. इंजिन अगदी छायाचित्रातल्यासारखे दिसू लागले. सकाळी अण्णा किती खूश होतील, या विचारात मी झोपलो.

सकाळी अण्णांनी ते पाहिले. एक चाक बोटाने फिरवून बघितले. मग इंजिन जागेवर ठेवले, टेबलावरचा दिवा मालवला आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

मी विचारले, "अण्णा, आवडलं नाही?"

"छान झालंय."

"मग चालवून पाहू या?"

"तू चालव, डॉक्टर. तू केलंयस."

ते मला एरवी कधी 'डॉक्टर' म्हणत नाहीत. मी बॅटरी जोडली. मोटर घुमली, चाके बोटभर फिरली आणि जागच्या जागी घट्ट आवळली गेली. इंजिन नुसते गुरगुरत उभे राहिले.

त्यानंतर नऊ दिवस अण्णा टेबलाकडे फिरकले नाहीत. व्यायामाला नकार दिला. पुन्हा आई भरवू लागली. मी दवाखान्यात बसून लोकांचे रक्तदाब मोजत होतो आणि मनात एकच गोष्ट सलत होती: ज्या हाताला कामावर आणायला सहा महिने लागले, त्याला मी एका रात्रीत घरी बसवले. तेही प्रेमापोटी. आईच्या भरवण्यावर मी मनातल्या मनात टीका करीत असे. माझे कृत्य त्याहून वेगळे नव्हते. तिने घास हिरावला होता, मी काम हिरावले होते.

दहाव्या दिवशी मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. म्हटले, "अण्णा, माझी चूक झाली. मला विचारायला हवं होतं."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तीन आठवडे मी काय करत होतो, असं वाटलं तुला?"

"हात साथ देत नाही, असं वाटलं."

"हात तर देतच नाही. पण मी थांबलो होतो ते त्यासाठी नाही. एका बाजूचा क्रँक आणि दुसऱ्या बाजूचा क्रँक यांच्यात काटकोन लागतो. एका बाजूचा दांडा टोकाला जाऊन मरतो, तेव्हा दुसऱ्या बाजूचा अर्ध्यावर असतो, तो ओढून नेतो. दोन्ही एकदम मेले, तर इंजिन जागचं हलत नाही. आणि काटकोन एक वेळ नेमका नसला तरी चालेल, पण तिन्ही धुऱ्यांवर अगदी सारखा पाहिजे. नाहीतर दांडे एकमेकांशी भांडतात. तो सारखा कसा धरायचा, हे मी ठरवत होतो. ते डोक्यात चाललं होतं. तुला ते दिसलं नाही."

वाचकहो, हे ऐकून मला जे वाटले, ते मी आपल्यापासून लपवत नाही. म्हातारे माणूस हातात वस्तू घेऊन स्वस्थ बसले, की आपण समजतो, त्याला जमत नाही. ते विचार करीत असेल, ही शक्यता आपल्या मनाला शिवतही नाही. मी डॉक्टर असून माझ्या मनाला शिवली नव्हती.

दुरुस्ती

त्यानंतर आम्ही मी चिकटवलेले सगळे सोडवायला घेतले. तो गोंद अॅसिटोनने मऊ पडतो. खिडक्या उघड्या ठेवून, देवघरातला दिवा विझलेला असल्याची खात्री करून, कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब लावत क्रँक सुटे केले. हे काम दोन दिवस चालले; या वेळी मी फक्त बाटली धरून बसलो होतो.

अण्णांनी तीन आठवडे मनात योजलेली युक्ती अशी होती. सागवानी ठोकळ्याला वर खाच पाडायची, धुरा त्या खाचेत आडवा ठेवायचा. ठोकळ्याच्या एका अंगाला एक खिळा, असा की एका बाजूचा क्रँक त्याला टेकला की बरोबर उभा राहील. दुसऱ्या अंगाला दुसरा खिळा, असा की तिकडचा क्रँक आडवा राहील. एकदा ठोकळा तयार झाला, की तिन्ही धुरे त्याच ठोकळ्यात बसवायचे. ठोकळ्यात थोडीफार चूक असली, तरी ती तिन्ही धुऱ्यांत सारखीच उतरेल आणि चाके अडणार नाहीत. खाच त्यांनी स्वतः पाडली. उजव्या हातात कानस, डावा हात आधाराला. पाच दिवस लागले. खिळे ठोकताना हातोडी माझ्याकडे दिली, कारण रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू असताना बोटावर हातोडी बसणे परवडणारे नव्हते. हे त्यांनीच सांगितले. कोणते काम मागायचे आणि कोणते ठेवून घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता, आणि मदत मागताना त्यांच्या स्वरात जराही लाचारी नव्हती.

अण्णांचा वाढदिवस येऊन गेला. त्या दिवशी इंजिन चाकांवाचून उताणे पडलेले होते. कुणालाही त्याचे काही वाटले नाही. ऑगस्टमध्ये, पक्षाघाताला एक वर्ष होत असताना, बॅटरी जोडली. चाके फिरली. दांडे एका लयीत वरखाली होऊ लागले. अण्णा कान लावून ऐकत होते. म्हणाले, "मधल्या धुऱ्याला तेल पाहिजे." आणि तेलाची कुपी उजव्या हाताने उचलली. थोडे तेल टेबलावर सांडले. आई फडके घेऊन पुढे झाली, आणि मग आपणहून थांबली.

आपल्या घरासाठी

प्रत्येक घरात माथेरानचे इंजिन असणार नाही, आणि त्याची गरजही नाही. कुणाकडे शिवणयंत्र असेल, कुणाकडे हार्मोनियम, कुणाकडे बागेतली कात्री. त्या माणसाला पूर्वी जे उत्तम येत होते, त्याच्या जवळपासचे काम शोधावे. मात्र काही पथ्ये पाळावीत.

बैठक नीट असावी: पाय जमिनीला टेकलेले, कोपर टेबलावर विसावलेले. प्रकाश भरपूर हवा आणि तो कामावर पडावा, डोळ्यांवर नव्हे. वाढत्या वयात त्याच कामासाठी कितीतरी अधिक उजेड लागतो. टेबलाला बसवलेले भिंग उपयोगी पडते, कारण ते धरायला हात अडकत नाही. टेबलावर जाड टॉवेल अंथरला आणि सुटे भाग कडा असलेल्या ताटात ठेवले, की ते घरंगळत नाहीत. खाली पडलेली वस्तू शोधताना तोल जाण्याचा धोका टळतो.

एका वेळी वीस ते तीस मिनिटे पुरेत. पक्षाघातानंतरचा थकवा हा आळस नव्हे; तो आजाराचाच भाग आहे. थकवा येण्याआधी थांबावे.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर धारदार पाती टाळावीत, आणि लागलेच तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे. तरीही रक्त थांबले नाही तर डॉक्टरांकडे जावे. मधुमेहामुळे किंवा पक्षाघातामुळे बोटे बधिर असतील, तर तापलेल्या हत्यारापासून दूरच राहावे, कारण चटका बसल्याचे कळतच नाही. आमच्याकडे सोल्डरिंगचे काम माझ्याकडे होते. गोंद आणि रंग उघड्या खिडकीपाशी, आगीपासून दूर वापरावेत. शिशाचे सोल्डर किंवा धातूचा कीस हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. आणि स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती बारीक सुटे भाग देऊन तिला एकटे सोडू नये.

हात पूर्वी स्थिर असून अलीकडे कापू लागला असेल, तर त्याला 'वयाचे' म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या. काम करतानाचा कंप आणि हात स्वस्थ ठेवलेला असतानाचा कंप यांची कारणे वेगळी असू शकतात, उपचारही वेगळे असतात.

आणि सांभाळणाऱ्यांनो, एक गोष्ट खास आपल्यासाठी. मदत करण्यापूर्वी विचारा, "करू का?" उत्तराची वाट पाहा. पक्षाघात झालेल्या माणसाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. मनात दहापर्यंत अंक मोजा. त्या दहा अंकांत आपल्याला फार अस्वस्थ वाटते. ती अस्वस्थता आपली असते. ती घालवण्यासाठी त्यांचे काम ओढून घेऊ नये.

क्रमांक

इंजिन पूर्ण व्हायला एकंदर चौदा महिने लागले. अण्णांचा हात पूर्ववत झाला, असे मी म्हणणार नाही. सही अजून डाव्या हाताने करतात. पण सदऱ्याची वरची दोन बटणे सोडली तर बाकीची स्वतः लावतात, जेवतात स्वतःच्या हाताने, आणि खिडकीपाशी बसतात ते पेपर घेऊन. नैराश्याची गोळी त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांनी क्रमाक्रमाने कमी करून बंद केली. यातले किती इंजिनामुळे, किती औषधामुळे आणि किती बाईंच्या चिकाटीमुळे, याचा हिशेब मला मांडता येणार नाही.

शेवटचे काम क्रमांक रंगवण्याचे होते. मी म्हटले, सुबक आकडे छापून आणता येतील. या वेळी मी विचारले होते, आणि थांबलोही होतो. अण्णा म्हणाले, "७४१. मी त्याच्यावर सगळ्यात जास्त काम केलंय. मीच लिहितो." उजव्या हातात बारीक कुंचला, डाव्या हाताने उजवे मनगट धरलेले. ७ बरा आला. ४ ची रेघ थोडी लांबली. १ लिहिताना हात थरथरला आणि तो एका बाजूला कलला.

त्यांनी इंजिन डोळ्यांजवळ धरून पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. ओल्या रंगावर फडके फिरवून तो आकडा मी एका क्षणात सरळ करू शकलो असतो.

"असू दे," अण्णा म्हणाले. "वळणावर आहे."

इंजिन आज आमच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे येतात, कौतुक करतात, आणि त्यांतले कोणी ना कोणी हमखास सांगते, की शेवटचा आकडा जरा वाकडा झाला आहे. मी "हो" म्हणतो आणि अण्णांकडे पाहतो. पुढचे ते स्वतः सांगतात.